सोफ्याचे वरचे टोक

दोघांनी मिळून धरलेली वस्तू पडली, तर हात कोणाचा सुटला हे कसे ओळखावे? हा प्रश्न घेऊन मी लिहायला बसले आहे. उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक आहे – ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही, इतकेच.

प्रसंग क्षुल्लक वाटेल. मी साताऱ्यात राहते. माझी सारी नोकरी भूमिती शिकवण्यात गेली. थोरला भाऊ, दादा, फौजेतून निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे असतो. मागे त्याला अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. उजवा हात पूर्ण सुधारला, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तरी बोटांना चाळा हवा, म्हणून भाच्याने आम्हा दोघांच्याही टीव्हीला एक व्हिडिओ गेम जोडून दिला. त्यात दोन बुटके हमाल, आणि घरातले सामान ट्रकमध्ये भरायचे; बटण दाबून ठेवले तोवरच हमालाची पकड राहते. दादा सांगलीत, मी साताऱ्यात, फोन चालू, मध्ये एक सोफा – दारात अडकणारा, खिडकीतून निसटणारा, अंगणातल्या कोंबड्यांवर आदळणारा. आम्ही पोट धरून हसायचो. मी कोन समजावू लागले की दादा म्हणायचा, "बाई, तास मागनं घ्या. आदी उचला." घरचे सगळे खिदळायचे. मला ते बोचत होते का? हो – थोडे.

त्या दिवशी सोफा जिन्याने उतरवायचा होता. खालचे टोक दादाकडे, वरचे माझ्याकडे. तो म्हणू लागला, "सोड… सोड…"

इथे थांबून एक शब्द समजावला पाहिजे. लहानपणी आम्ही विहिरीत पाण्याची मोटार दोराने उतरवायचो. खाली उभा असलेला 'सोड' म्हणायचा, आणि वरच्याने दोर हातातून हळूहळू द्यायचा. धरून ठेवत द्यायचा. आमच्याकडे 'सोड'चा अर्थ हाच. तो मला माहीत नव्हता असे मी म्हणू शकेन का?

मी बटण सोडले. पूर्ण सोडले – मुद्दाम. एकदा याचीही फजिती व्हावी, एवढेच मनात होते. सोफा कोसळला, दोन्ही हमाल लोळत खाली गेले. सांगलीत हशा झाला. दादा मात्र हसला नाही. हळू आवाजात त्याने विचारले, "माझाच हात सुटला का गं?"

मी म्हणाले, "हो दादा, तुझाच."

झटक्याची गोष्ट मला त्या क्षणी आठवत होती. तरीही म्हणाले. शाळेत मी मुलांना सांगायची, चूक कोणत्या पायरीवर झाली ते आधी शोधा. ही ती पायरी. पुढे सामान पडले की दादा आपणच म्हणायचा, "माझंच चुकलं." मी पुढचे सामान उचलायला घ्यायची. मग तो खेळेनासा झाला. वहिनी फोनवर म्हणाल्या, डॉक्टर हात बरा आहे म्हणतात, पण यांना पटत नाही. नातीलासुद्धा उचलून घेत नाहीत. तेव्हा तरी मी बोलायला नको होते का? मी औषधे विचारली.

परवा सांगलीला गेले होते. नात दादासमोर हात वर करून उभी राहिली. त्याने हात पुढे केले, मग मागे घेतले. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू घे तिला. तुझा हात पक्का हाय."

मी तिला उचलले.

आयुष्यभर मी सांगितलेले लोकांनी खरे मानले, दादानेही मानले. म्हणून हेही निव्वळ माझ्या शब्दावर मानू नका. दोघांनी तो सोफा जिन्यावर न्यावा, एकाने बटण सोडावे, आणि हात कोणाचा सुटला हे पडद्यावर दिसते का, ते स्वतः तपासून पाहावे.