कोणाची गं तू?

कॅनडातल्या व्हिटबीत राहायला आलो, त्या आठवड्यात गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ इंडिया म्हटलं की मान डोलवायची, बटर चिकन आवडतं म्हणून सांगायचं आणि आपल्या घरात निघून जायचं. फेन्सपलीकडच्या म्हातारीने मात्र हातातलं खुरपं खाली ठेवलं, चष्मा वर सरकवला, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘कोणाची गं तू?’

विचारलं अर्थात इंग्रजीत, ‘हूज गर्ल आर यू?’ पण माझ्या कानांवर ते मराठीतच पडलं. आमच्या वसईला गावात शिरलं की वाडीच्या तोंडाशी उभी असलेली कुठलीही म्हातारी हेच विचारते. तुझं नाव काय, शिकलीस किती, नवरा काय करतो, हे सगळं मागाहून. आधी कोणाची ते सांग. तेव्हा मी चाळिशीला टेकलेली बाई, पण तोंडातून आपसूक निघून गेलं, ‘बावतीस मास्तरांची नात.’ बाईंनी मास्तरांना ओळखत असल्यासारखी मान हलवली. ‘तरीच,’ म्हणाल्या, ‘मास्तरांच्या घरची माणसं ताठ उभी राहतात.’ त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मास्तरांची पोर. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

त्यांचं नाव डोरीन. माझा नवरा फ्रान्सिस त्यांना पाटलीणबाई म्हणायचा, कारण ‘आमच्या गावात’ या दोन शब्दांशिवाय बाईंचं वाक्य सुरूच व्हायचं नाही. गाव म्हणजे इंग्लंडच्या पार पश्चिमेच्या कडेचं, मूठभर घरांचं. लग्न करून बाई कॅनडाला आल्या त्याला उभा जन्म उलटला होता. नवरा कधीच गेला होता, एकुलता एक मुलगा पीटर केंब्रिजला, म्हणजे इथल्या कॅनडातल्या केंब्रिजला, गाड्यांच्या कारखान्यात कामाला होता. पण बाईंचा मुक्काम गावातच. ‘लोहाराचा पोरगा काही सुधारायचा नाही,’ असं तावातावाने सांगायच्या, आणि मी विचारलं की कळायचं, हा पोरगा म्हातारा होऊन मेला त्यालाही कितीतरी वर्षं झाली. त्याच्या बापाने घोड्यांना नाल ठोकले, त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले, त्याचा मुलगा पेट्रोलपंपावर बसला आणि तिघांनाही एकच खोड, काम अर्धं टाकून नदीवर मासे धरायला जायचं. ‘रक्तातच आहे मेल्यांच्या,’ बाई म्हणायच्या. मेले तर होतेच, पण बाईंना ते पटलेलं नव्हतं.

त्यांचं बॅकयार्ड मला पहिल्या वसंतात कळलं. इथे लोक फुलं लावतात ती कशी, पट्टीने आखून. बाईंच्या आवारात डॅफोडिलचे झुबके नुसते अस्ताव्यस्त. इथे तीन जवळजवळ, तिथे एक लांब एकटाच, मध्येच ओसाड जागा. दोन झुबक्यांच्या मध्ये तर चक्क एक वीट उभी पुरलेली. फ्रान्सिस म्हणाला, ‘पाटलीणबाईंना दिसत नाही वाटतं आता.’ त्याने भलेपणाने त्या ओसाड जागेत कोथिंबीर लावून देतो म्हटलं, तर बाई अशा काही उसळल्या म्हणता! ‘तिथे नाही! तो जॉर्ज आहे!’

जॉर्ज म्हणजे पाववाल्याचा धाकटा. लढाईवर गेला तो परत आलाच नाही. आईने त्याच्यासाठी आपल्या शेजारी जागा राखली, ती रिकामीच राहिली. अगं बाई, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते बॅकयार्ड नव्हतंच. बाईंनी गावची सिमेंटरी जशीच्या तशी मांडली होती, एकेका कबरीला एकेक झुबका. विटेच्या दोन बाजूंना दोन बहिणी होत्या, एका बदकावरून भांडल्या त्या मरेपर्यंत बोलल्या नाहीत, आणि तिथल्या फादरने मुद्दाम त्यांना शेजारी शेजारी पुरलं. ‘फादरला काय अक्कल!’ बाई म्हणाल्या. ‘मी मध्ये वीट घातली. निदान इथे तरी झोपू देत बिचाऱ्यांना.’

त्यांच्या गावाची रीत अशी, की ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे आपल्या झावळ्यांच्या रविवारी, सगळ्यांनी सिमेंटरीत जायचं, कबरी साफ करायच्या, फुलं वाहायची. त्यांच्याकडे त्या दिवसाला फुलांचा रविवार म्हणतात. आईने लेकीचा हात धरायचा आणि एकेका कबरीपाशी थांबून सांगायचं, हा कोण, कोणाचा, याने काय केलं, हिने काय भोगलं. आम्ही वसईला नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावतो, ते झावळ्यांना फुलं वाहतात, एवढाच फरक. पुढे दरवर्षी चर्चमधून येताना मी माझी झावळी घेऊन फेन्सपलीकडे जायची आणि बाई माझा हात धरून गावभर फिरवायच्या. कधी ईस्टर लवकर यायचा आणि आवारात बर्फ असायचा. मग बाई बांबूची काठी बर्फात खुपसून, नेमक्या जागी थांबून ओळख करून द्यायच्या. एक जागा चुकायची नाही. मला मात्र लोहार, त्या दोघी बहिणी आणि जॉर्ज सोडून कोणीही लक्षात राहायचं नाही. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सांगायच्या, न कंटाळता.

‘लिहून का नाही ठेवत?’ मी एकदा विचारलं. ‘लिहायचं कशाला?’ म्हणाल्या. ‘हे चालत चालत सांगायचं असतं.’ लेक नव्हती, आणि पीटरची लहानपणी रविवार सकाळ हॉकीत गेली. माझी टीना एकदा आमच्याबरोबर आली होती, दुसऱ्या झुबक्यापाशीच म्हणाली, ‘मॉम, कॅन वुई गो नाऊ?’ मला इतका राग आला! बाईच मला म्हणाल्या, ‘असू दे गं. ती हिची माणसं नाहीत.’ मग घरी येऊन विचार केला, हिची माणसं तरी हिला कुठे ठाऊक आहेत? बावतीस मास्तर कोण म्हणून विचारलं तर ही खांदे उडवील.

बाई शेवटच्या वेळी गावी जाऊन आल्या ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. गवत कापायच्या मशीनला अडचण होते म्हणून सगळे कबरींचे दगड उपटून भिंतीला ओळीने टेकवून ठेवले होते. कोण कुठे निजलंय ते सांगायला कोणी उरलं नव्हतं. घरांत शहरातली माणसं शनिवार-रविवारपुरती येत होती. ‘आख्खी गल्ली चालत गेले,’ बाई म्हणाल्या, ‘एकानेही विचारलं नाही, कोणाची गं तू?’ तेव्हा मला कळलं, की ते गाव आता जगाच्या पाठीवर एकाच ठिकाणी उरलंय. व्हिटबीत, आमच्या फेन्सपलीकडे.

आणि मागच्या उन्हाळ्यात बाई जिन्यावरून पडल्या. खुबा मोडला. हॉस्पिटलातून पीटरने त्यांना सरळ केंब्रिजच्या रिटायरमेंट होममध्ये नेलं, त्याच्या घराजवळ. त्याचंही काय चुकलं? रोज कामावरून व्हिटबीपर्यंत धावणार किती? घर विकायला काढलं. बाईंचा मला फोन आला. घराबद्दल अवाक्षर नाही, ‘ते सगळे तिथेच राहिले गं,’ एवढंच. मी म्हटलं, ‘थांबा, आपण रस्ता काढू.’ ठरलं असं, की मी आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आवारात जायचं, त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगायचं, कोणता कोण, मी काडीवर नाव लिहून ती जागच्या जागी रोवायची आणि मग एकेका झुबक्याचे कंद काडीसकट वेगळ्या पुडीत बांधायचे. लिहायला बाईंचा विरोध होता, पण शेवटी ‘बरं’ म्हणाल्या. किती खुशीत होत्या! रविवारी दुपारचं ठरलं. काड्या मी आणूनही ठेवल्या होत्या.

शनिवारी मी ग्रोसरी घेऊन आले तर पलीकडे पीटर. घामाने भिजलेला, गुडघ्यांपर्यंत माती. ‘सरप्राइज आहे मॉमला!’ म्हणाला. ‘तिचा या फुलांत फार जीव आहे ना, म्हटलं सगळे कंद काढूनच नेतो.’ आख्खं आवार खणून काढलं होतं. वीटसुद्धा उपटून कडेला ठेवलेली. आणि नळाखाली एक निळी बादली, त्यात सगळे कंद, लोहार, पाववाला, बहिणी, बाईंची आई, सगळे एकत्र, स्वच्छ धुतलेले. एकाची ओळख दुसऱ्यापासून पटेल तर शपथ. देवा रे, काय सांगू मी त्याला? सुट्टीच्या दिवशी एवढं लांब येऊन, कंबर मोडेपर्यंत राबला होता तो आईसाठी. मी पिशव्या खाली ठेवल्या. म्हटलं, ‘पाणी हवंय का?’

रविवारी कॉल करण्यात काही अर्थच नव्हता. मी आणि फ्रान्सिस केंब्रिजलाच गेलो. पीटरने बादली आईच्या खुर्चीपुढे ठेवली आणि लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बाईंनी आत पाहिलं. पाहतच राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील, रडतील, काहीतरी होईल. त्यांनी हात पुढे करून पीटरची मातीने भरलेली नखं पाहिली. ‘किती रे राबलास,’ म्हणाल्या. ‘छान केलंस, लाडक्या. फारच छान.’ तो इतका खूश झाला! आमच्यासाठी कॉफी आणायला म्हणून खाली गेला आणि दार लागल्याबरोबर बाईंनी बादलीतला एक कंद उचलला. तळहातावर घेऊन फिरवून फिरवून बघितला. मग हळूच, मला विचारला होता तसा, त्याला प्रश्न विचारला, ‘कोणाचा रे तू?’ तो ठेवला, दुसरा घेतला. ‘आणि तू गं?’ फ्रान्सिस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी बाईंच्या पायाशी बसले. नावं सगळी त्यांना तोंडपाठ होती. माणसं सगळी बादलीत होती. त्यांची गाठ घालून देणं कोणाच्याच हातात नव्हतं.

पीटरला त्यांनी अजूनही कळू दिलेलं नाही, आणि मलाही शपथ घातली. होमचा नियम खोलीत एका कुंडीचा. तीन कंद त्यात गेले. कोणते तीन, हे ठरवताना बाईंनी डोळे मिटून घेतले. उरलेले पीटरने मला दिले, ते मी आमच्या बाजूला फेन्सच्या कडेने लावले. आधी वाटलं, आठवून आठवून निदान लोहाराला तरी नळाजवळ, पाण्यापाशी ठेवावं, पण लोहार कोणता? बाईंना फोन केला तर म्हणाल्या, ‘लाव गं कुठेही. जमीन मिळाली तरी पुष्कळ.’ पलीकडे नव्या लोकांनी आता लाकडी डेक बांधलाय. छान आहेत माणसं, एकदा बार्बेक्यूला बोलावलं होतं. आम्ही जॉर्जच्या जागेवर खुर्च्या टाकून बसलो होतो.

या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून मी तडक केंब्रिज गाठलं. टीनाला बरोबर नेलं. नाही म्हणत होती, ओढत नेलं, आणि आख्ख्या रस्ताभर बावतीस मास्तर कोण, ते सांगत राहिले. तिने एकाच कानातला हेडफोन काढला होता, पण काढला होता. पीटरने थंडीभर कुंडी आपल्या पोर्चमध्ये ठेवून नुकतीच आईकडे आणून दिली होती. तीन कंदांपैकी एकच वर आला होता. एक पिवळं फूल, खिडकीत, काचेकडे मान करून.

दार उघडंच होतं. बाई खुर्ची कुंडीसमोर ओढून बसल्या होत्या, अगदी वाकून, नाक फुलाला लागेल इतक्या जवळ. पाठमोऱ्याच होत्या. आमची चाहूल लागली तसं न वळता त्यांनी हात मागे केला, मी झावळी त्या हातात दिली. ती त्यांनी कुंडीत खोचली.

‘सकाळपासून विचारतेय गं, मास्तरांच्या पोरी,’ म्हणाल्या. ‘सांगतच नाही.’