एका ताग्याची पोरं

हा किस्सा मी कुणाला सांगायचा नाही असं ठरवलं होतं. पण आमच्या मंडळींनी तो आधीच अर्ध्या तालुक्याला सांगून टाकलाय, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. निदान मी थोडी स्वतःची बाजू तरी घेईन! चहा घ्या, गार होतोय.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं कापडाचं दुकान. नवे पैसे नुकतेच चलनात आले होते आणि गिऱ्हाईक आणे की पैसे या गोंधळात होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. शाळा म्हणाल तर माझी चौथीपर्यंत. पण कापड दोन बोटांत धरलं की ते कुठलं, किती धुण्यांचं आणि कुणाच्या गळ्यात मारायचं, हे मला लगेच कळायचं. निदान असा माझा समज होता.

तर झालं काय, मुंबईच्या कापडबाजारात एका व्यापाऱ्याने मला खुर्चीत बसवलं, थंडगार सरबत पाजलं, "शेठ, तुमच्यासारखी पारख कोकणात कुणाला नाही" असं म्हणाला, आणि मी घरी आलो तो पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाचे ढीगभर तागे घेऊन! जांभळा पट्टा, पिवळा पट्टा. पुन्हा जांभळा, पुन्हा पिवळा. सरबत उतरल्यावर मी तागा उलगडला आणि माझेच डोळे दिपले.

दिघीच्या कोळीवाड्यातली काशीबाय बाजाराला आली की दुकानात डोकावायचीच. तिने ते कापड बघितलं आणि टोपली खाली ठेवून पोट धरून हसली.

"शेट, ह्ये नेसायचा हाय का मासली भिववायचा हाय?"

"काशीबाय, हे पोरांच्या कपड्यांचं खास कापड आहे," मी ठोकून दिलं. "मळ दिसत नाही, फाटत नाही. आणि जत्रेत पोर हरवलं तर मैलभरावरून दिसतं!"

आता हे शेवटचं वाक्य मी का बोललो? कसं सुचलं? देव जाणे. पण काशीबायचं हसणं थांबलं. तिची सोनी म्हणजे पायाला भिंगरी लावलेली पोर, बघावं तेव्हा कुठेतरी सटकलेली. काशीबायने पट्टा हातात घेऊन ओढून बघितला.

"पर शिवनार कोन? शिंपी मागंल त्यो दाम कंचा द्याचा?"

आणि इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला. "कापड माझ्याकडून घ्या, बेतून फुकट देतो! घरी नेऊन नुसता धावदोरा घालायचा."

मला शिवणकाम येत होतं का? छे हो! मला एकच गोष्ट येत होती. आमचा दामू तेव्हा पाच वर्षांचा. त्याचा जुना शर्ट कापडावर पसरायचा, चारी बाजूंनी चार बोटं जास्त धरायची आणि कात्री चालवायची. त्या वयाचं पोर म्हणजे दुधीचा वेल, आज शिवलेलं उद्या होत नाही. म्हणून आपल्याकडे कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा. कमरेशी दोन चुण्या आतून घालून ठेवायच्या, पोर वाढलं की एक चूण उसवायची, आणखी वाढलं की दुसरी. चुण्यांच्या खुणा मी कापडावर खडूने करून द्यायचो. बाह्या सरळ, गळा गोल, पुढे दोन बटणं. मुलीच्या आईने विचारलं, "हा झगा म्हणून चालेल का?" तर मी म्हणायचो, "गुडघ्यापर्यंत येतोय ना? मग झगाच आहे!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण शिमगा संपेपर्यंत तागे संपत आले. आसपासच्या वाडीवाडीत पोरं जांभळी-पिवळी झाली. सगळ्यांचा बेत एक, कारण माप एकच, आमच्या दामूचं!

आमच्या मंडळी घरात बसून दामूचा शर्ट शिवत होत्या. धाग्याचं टोक दातांनी तोडत म्हणाल्या, "अहो, गावभर एकच कापड, एकच बेत. आपलं पोर आपल्याला ओळखू येईल ना?"

"अगं, बापाला पोर ओळखू येणार नाही?"

त्यांनी शर्ट उलटा केला आणि आतल्या बाजूने काहीतरी टाके घालत बसल्या. ते काय होतं, हे तेव्हाच विचारलं असतं तर आज तुमच्यासमोर मान खाली घालून बसलो नसतो.

चैत्रात खाडीपलीकडे देवीची जत्रा भरते. आम्ही दिघीपर्यंत बैलगाडीने गेलो, तिथून हसनमियांच्या होडीने पलीकडे. हसनमियां जुने जाणते. धक्क्यावर उतरवतानाच त्यांनी सगळ्यांना बजावलं, "पाणी उतरायच्या आत परत या. एकदा ओहोटी लागली की धक्क्याशी गुडघाभर चिखल. मग जत्रेतच मुक्काम करा!"

मंडळी देवीची ओटी भरायला बायकांच्या रांगेत निघाल्या. तिथून त्या परस्पर होडीवर येणार होत्या. जाताना दामूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा हात सोडू नका."

"अगं, मैलभरावरून दिसणारा शर्ट आहे तो!"

"हात सोडू नका," त्या पुन्हा म्हणाल्या.

दामूने हट्ट धरला म्हणून त्याला पुठ्ठ्याचा वाघाचा मुखवटा घेऊन दिला, जत्रेतल्या निम्म्या पोरांच्या तोंडावर होता तसाच. उन्हाळा म्हणून डोक्याचा केला होता चमनगोटा, तेव्हा लहान पोरापोरींचा सर्रास करायचे तसा. मुखवटा, चमनगोटा आणि पट्ट्यांचा शर्ट. ध्यान असं दिसत होतं की देवीनेही वळून बघावं!

तेवढ्यात श्रीवर्धनचा एक कापडवाला भेटला, माझ्याच धंद्यातला. "काय, खप कसा काय?" त्याने सहज विचारलं. आता मला सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? मी जत्रेकडे बघितलं. पाळण्यात जांभळा-पिवळा. फुगेवाल्याकडे जांभळा-पिवळा. ऊस खाणारा, रडणारा, शेंबूड पुसणारा, सगळे जांभळे-पिवळे! माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मी दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "हे बघा! जिकडे बघाल तिकडे आमचाच माल!"

दोन्ही हात पसरले, म्हणजे दामूचा हात कुठे गेला? बरोबर. तुमच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा त्या कापडवाल्याशी आणखी पुष्कळ बढाया मारून झाल्या होत्या.

खाली बघतो तर दामू नाही!

पहिल्यांदा मी हसलो. म्हटलं, शर्ट दिसेलच. मान वर केली. शर्ट दिसत होता हो! चारी दिशांना दिसत होता!

मग जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. दिसला पट्टेवाला की धर खांद्याला, फिरव, उचल मुखवटा. एकाने भोकाड पसरलं. एकाने माझ्या बोटाला चावा घेतला. एका म्हातारीने मला छत्री हाणली, "मेल्या, पोरं चोरतोस व्हय?" "आजी, मी पोरं चोरत नाही, माझं शोधतोय!" "मंग ह्ये काय तुजा हाय?" "नाही, पण शर्ट माझा आहे!" या उत्तरावर तिने दुसऱ्यांदा हाणली.

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे माणसांचा समुद्र. एवढंसं पाच वर्षांचं पोर. देवीला नवस बोललो, काय बोललो ते आठवतही नाही. धक्क्यावरून हसनमियांची हाक आली, "चला ऽऽ, पाणी उतरलं!"

आणि तेवढ्यात दिसला! रेवड्यांच्या दुकानासमोर, पाठमोरा. चमनगोटा, पट्टे, वळून बघितलं तर वाघाचा मुखवटा, आणि मुखवट्याखालून रेवड्या आत ढकलणं चालू. मी झडप घातली, उचलला आणि खांद्यावर टाकून पळत सुटलो. पोर काही बोललं नाही. तोंडात रेवड्या, वर फुकटची खांद्यावरची स्वारी, कोण बोलेल?

होडीत मंडळी आधीच येऊन बसल्या होत्या. मी पोराला त्यांच्या मांडीवर टेकवलं आणि घाम पुसला. होडी सुटली. गेलेला जीव परत आल्यासारखं वाटलं. देवीला मनातल्या मनात हात जोडले. नवस काय बोललो होतो ते आठवत नाही, ही तेव्हा मला सोयीची गोष्ट वाटली.

"हात सोडला नाही ना?" मंडळींनी विचारलं.

"छे!" मी म्हणालो.

रेवड्यांचा चिकटा पुसावा म्हणून त्यांनी शर्टाचा खालचा काठ उलटून हातात घेतला. आणि तशाच थांबल्या. काठाची दुसरी बाजू बघितली. पुन्हा पहिली बघितली.

"अहो, हे कुणाचं पोर?"

"म्हणजे काय? आपला दामू!"

"माझ्या दामूच्या शर्टाच्या काठाला आतून माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे. हा धावदोरासुद्धा माझा नाही. केवढाले टाके! जाळं विणल्यासारखे!"

मी मुखवटा वर केला. आतून समोरचे दोन दात पडलेली, कानात डूल घातलेली एक पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "शेट, आजून येक डाव खांद्याव घ्या ना!"

काशीबायची सोनी!

सगळी होडी हसली. मंडळी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "माझा दामू कुठे आहे?" आणि त्यांचा आवाज असा झाला की होडीतलं हसू तिथल्या तिथे विरलं.

"हसनमियां, होडी फिरवा," मी कसाबसा म्हणालो.

"शेठ, पाणी..." त्यांनी खाली बघितलं, मग मंडळींच्या तोंडाकडे बघितलं, आणि शीड उतरवलं. "मारा वल्ही! या अल्ला, कापडवाल्याचं पोर, आणि कापडानेच गंडवलं!"

धक्का जवळ येत गेला तशी एक बाई दिसू लागली. काष्टा खोचलेला, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताने एका पट्टेवाल्या पोराचं मनगट पकडलेलं. आवाज तर आधीच येत होता.

"शेट! ए शेट! माजी पोर पयली उतरव! मंग तुजा पोऱ्या भेटंल! तवर ह्यो माज्याकरं गहान हाय!"

मंडळींनी तिथूनच हाक मारली, "दामू ऽऽ!"

"आई ऽऽ!"

तो आवाज ऐकला आणि काय सांगू, होडीत बसलोच मी मटकन. इतकी वर्षं धंदा केला, पण "माल मिळाला" याचा आनंद काय असतो, ते त्या दिवशी कळलं.

मी गुडघाभर चिखलात उतरलो. सोनीला दिली, दामूला घेतला. तो हमसून हमसून सांगत होता, "बाबा, मी यांना सांगत होतो मी दामू आहे, तरी यांनी मला दोन धपाटे घातले."

"मना काय ठावं!" काशीबाय जराशी वरमली. "पाटीमागून सोनीच वाटली. धपाटं घातलं आन मुखवटा काडला, तं त्यो शेटचा पोऱ्या! रेवडीवाला बोलला, शेट सोनीला खांद्याव टाकून होडीकरं पलाला. म्हटला फिरून येनारच, हितंच हुबी रायली." मग तिने माझ्याकडे वरपासून चिखलापर्यंत बघितलं आणि जुना हिशेब पुरा केला. "शेट, तुजा कापर पक्का, रंग पन पक्का. येकटा तूच कच्चा!"

मंडळींनी दामूला कवटाळला. पण त्याआधी, मी स्वतः बघितलं, हळूच त्याच्या शर्टाचा काठ उलटून हिरवा तुकडा बघून घेतला. माझ्यावरचा विश्वास तो एवढा उरला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी! सगळ्या आया, काखोटीला पट्टेवाली पोरं, पुढे काशीबाय. प्रत्येकीला खुणेचा वेगळा तुकडा हवा होता. मी गुपचूप कात्री घेतली आणि तांबडा, निळा, गुलाबी, जो मागितला तो कापून दिला. फुकट. बेतून फुकट देण्याची सवय मीच लावली होती ना!

त्या ताग्यांतलं उरलंसुरलं कापड मंडळींनी घरी नेलं आणि पुढच्या जत्रेला मला त्याची बंडी शिवून दिली. वाढत्या अंगाची, कारण अंग माझंही वाढतच होतं. मी ती घातली, आरशात बघितलं, आणि छातीवर मधोमध तळहाताएवढा हिरवा तुकडा!

"अगं, दामूचा तुकडा आतून लावलास. माझा बाहेरून का?"

"दामू हरवला तर त्याला मी शोधीन," मंडळी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "तुम्ही हरवलात तर लोकांना कळायला नको, हा माल परत कुणाच्या घरी आणून टाकायचा?"