गिरणी गेली, बोल्ट राहिले

सूतगिरणी बंद पडली, पण तिचे किस्से काही बंद पडायला तयार न्हाईत. वारंगा फाट्यावर चहाला आमी चार जुने कामगार जमलो की एक निघतो, त्याच्यामागं दुसरा. हसतो बी आमी. पण घरी जाईस्तोवर डोकं तापलेलं असतं.

*

फाटकावर पाटी लागली होती, ‘तात्पुरती बंद’. आमच्या गंगाधरनं लॉकरमधी एक शर्ट तसाच ठेवला. चालू झाल्यावर लागंल म्हणून! ह्या भल्या माणसानं पुण्याचं चालून आलेलं काम बी सोडलं. पुढं लिलाव झाला, मशिनं ट्रकात बसून परराज्यात गेली. लॉकर भंगारात गेलं, शर्टासकट.

*

काहून बंद पडली, हे विचारायला आमी एका साहेबाकडं गेलो. साहेब म्हणाले, वीज महाग, बाहेरचं सूत स्वस्त, जुनी मशिनं परवडत न्हाईत. मला राहवलं न्हाई. म्हणलं, कापूस आमच्या शिवारातला. तो दूर जाऊन, सूत होऊन परत येतो, अन् तरी स्वस्त? अन् नवी मशिनं घ्यायच्या टायमाला संचालकांनी नव्या गाड्या घेतल्या, ते कोण सांगणार?

साहेबांनी चहा मागवला.

*

मग शेड विकली, तिथं मंगल कार्यालय झालं. ‘जुन्या कामगारांना सामावून घेऊ’ असा शब्द दिला होता. तो पाळला बरं! गंगाधरला वॉचमन केलं. जिथं सूत काढायचा, तिथंच आता खुर्च्या लावतो. संताप येतो, दुसरं काय.

एका लग्नात डीजे असा लागला की कोणाचं कोणाला ऐकू येईना. आमी चौघं मात्र निवांत बोलून राहिलो होतो, हातवाऱ्यांनी. मशिनाच्या आवाजात सारी उमर तसंच बोललो ना! एका पाहुणीनं कळवळून माझ्या बायकोला विचारलं, "चौघंबी मुकेच व्हय?"

*

मशिनं गेली, पण त्यांचे बोल्ट फरशीत तसेच राहिले, बोटभर वर. गंगाधर दर खंडेनवमीला त्यांची पूजा करतो. त्याचं एकच म्हणणं, बोल्ट हायेत तोवर मशीन परत बसवता येतं.

औंदा नेमकं त्याच दिवशी कार्यालयाच्या मालकानं बोल्ट कापायला माणूस धाडला. नाचताना पाव्हण्यांना ठेच लागते म्हणून. अन् माणूस कोण? आमच्या चौघांतलाच मारुती, गिरणीतला फिटर. त्यानंच ते बोल्ट बसवले होते. आता फाट्यावर वेल्डिंगचं दुकान चालवतो.

गंगाधर आडवा आला न्हाई, ओरडला न्हाई. एवढंच म्हणाला, "आज खंडेनवमी हाय मारुती. आज हत्यार चालवत न्हाईत."

मारुतीनं मान खाली घातली अन् हातातला लोखंड कापायचा ग्राइंडर बोल्टांशेजारी ठेवला. गंगाधरनं बोल्टांना कुंकू लावलं, मग ग्राइंडरलाबी लावलं. नारळ फोडला. आमी खोबरं खाल्लं.

निघताना मारुती म्हणाला, "ग्राइंडर इथंच राहू दे. उद्या लागंल."

"राहू दे," गंगाधर म्हणाला. "मी हाये राखायला."