नऊच्या नऊ उभे

हरलेल्या कप्तानाला खांद्यावर घेऊन मी भर मैदानात नाचलो. कप्तान आमचाच, महाडचा. मैदान मात्र पोलादपूरचं, म्हणजे माझ्या सासुरवाडीचं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी स्वतः कधी हुतूतू खेळलो नाही. दम धरून चार पावलं टाकली की मला ठसका लागायचा. पण ओरडायला माझ्याइतका दम आळीत कुणाला नव्हता. पोलादपूरशी आमच्या आळीचे दरवर्षी तीन डाव व्हायचे. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी महाडात, तिसरा रविवारी उन्हं उतरल्यावर पोलादपुरात. रीत अशी की ज्याचं मैदान त्याचा नियम. ही रीत मला ठाऊक होती. पोलादपूरचा नियम काय, हे विचारायचं कधी सुचलं नाही, कारण तोवर मी तिसऱ्या डावाला कधी गेलोच नव्हतो.

महाडात आम्ही संजीवनी खेळायचो. शिवला गेलेला गडी बाहेर बसायचा, आणि समोरचा एक मारला की तो उठून पुन्हा आत यायचा. त्या वर्षी शनिवारचा डाव आम्ही मारला, रविवार सकाळचा त्यांनी. तेव्हा माझा मेहुणा, त्यांचा चढाईचा गडी, सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, आता पैज. तुमी हरलात तर आमच्या कप्तानाला खांद्यावर घेऊन मैदानापासून यष्टी ष्टँडवर न्यायचं. आमी हरलो तर मी तुमच्या कप्तानाला नेतो."

त्यांचा कप्तान म्हणजे भाताचं भरलेलं कणगं. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. ती हसत होती. कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही. मी "मंजूर" म्हणून बसलो.

पोलादपुरात उतरलो तर सासूबाईंनी घावणे केले होते. जावयानं किती खायचे असतात याला मर्यादा नसते. मैदानावर, म्हणजे भात काढून सपाट केलेल्या खाचरात, पोचलो तेव्हा फक्कीच्या रेघा अर्ध्या पुसल्या होत्या आणि डाव रंगात आला होता. गुण लिहिणारा मास्तर पाटी घेऊन पलीकडे आंब्याखाली बसलेला. सासरे पहिल्या रांगेत. मी त्यांच्या मागे दाटीत शिरलो.

आणि तिथून माझं डोकं चालेना.

मेहुण्यानं आमच्या एकाला शिवलं, पंचानं हात वर केला, लोक ओरडले. आमचा गडी जागेवरून हलला नाही. मला वाटलं, पंचानं बाद नाकारलं. मग ही माणसं एवढी खूश का? पुढच्या चढाईत आमच्यानं त्यांचे दोन मारले. तेही हलले नाहीत! मी बोंब मारली, "बाहेर काढा त्यांना! पंच घरचा आहे!"

शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "पावनं, काय झालं वो तुमाला?"

"मला काय झालंय? त्यांचे मेलेले उठतायत ते बघा!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि थोडा लांब सरकला.

मग मी माझा हिशेब लावला. त्यांचे गडी बाद होऊन आत राहतात, ही लबाडी. आमचे राहतात, ती हिंमत. एवढं ठरल्यावर फार बरं वाटलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी बोटांवर मोजले: आमचे नऊच्या नऊ उभे. पोलादपुरात जाऊन एकही गडी न गमावता! मी पुढच्यांना ढकलत रेघ ओलांडली आणि आमच्या कप्तानाला खांद्यावर घेऊन नाचायला लागलो.

"उतरव रे मला," तो वरून म्हणाला. मला वाटलं, विनय.

"आरं, उतरव! हरलोय आपण!"

मी तसाच थांबलो. आजूबाजूचं सगळं पोलादपूर वाकून वाकून हसत होतं. मेहुणा घाम पुसत आला. "भावोजी, आमच्याकडं अमर खेळतात. हितं कुनी बाहेर बसत नाय. शिवलं की समोरच्याला गुन द्यायचा आन् तितंच उभं ऱ्हायचं. सुरवातीलाच सांगितलं पंचानी."

सुरुवातीला मी पाचव्या घावण्यावर होतो.

मास्तरानं पाटी वाचली. त्यांचे एकतीस, आमचे चौदा. मग त्यांचा कप्तान माझ्या खांद्यावर बसला. आमची वरात ष्टँडकडे निघाली. बायको बायकांच्या घोळक्यातून चालत होती, तोंडाला पदर लावून. मी मात्र अजून तिथंच अडकलो होतो. धापा टाकत शेजारून चालणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, "पण मामा, आमचे नऊच्या नऊ उभे होते ना?"

सासरे मेहुण्याकडे वळले आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगी द्यायच्या आधी ह्यास्नी येक डाव दाखवाया पायजे व्हता."