मोठीचं नाव
कुठे पुऱ्या तळल्याचा वास आला की मला राजूरच्या खाणीजवळचं ते घर आठवतं. मुलांच्या लठ्ठपणावरच्या संशोधनासाठी मी माझ्या मार्गदर्शक डॉक्टरबाईंसोबत तिथे गेले होते. त्या घरातली आई आपल्या लठ्ठ धाकट्या लेकीला गरम पुऱ्या वाढत होती. “हिला तळलेलं देऊ नका,” मी म्हणाले. तिचा हात थांबला. “माही मोठी पोरगी सुकून सुकून गेली जी. आता हे मांगते, तं नाही कशी म्हणू?” बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. “काय नाव होतं तिचं?” नाव सांगतानाच ती रडू लागली. बाई बराच वेळ मोठीबद्दलच ऐकत राहिल्या. पुढे धाकटीचं वजन हळूहळू उतरलं. आता बाई नाहीत. परवा माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या घरी गेले, तेव्हा धाकटीचं वजन बघून ते खूश झाले. आई मात्र लेकीचं बारीक झालेलं मनगट हातात धरून बसली होती.