एका मुंगीची एक मिशी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असं विचाराल, तर मँचेस्टरच्या एका संग्रहालयात मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंचे. बोलण्याआधी त्या मान बाजूला वळवत. समोरची मुंगी श्वासाने उडू नये म्हणून लागलेली ही सवय. ट्राममध्येही त्या माझ्याशी खिडकीकडे बघून बोलत. तुम्ही त्यांना शिष्ट म्हणाला असता. मीही म्हणालो होतो.

बाई मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. मी तालुक्याच्या कॉलेजातून त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला, घरातला पहिला पदवीधर. मायक्रोस्कोपला हात लावायला बिचकायचो. "अरे, तो चावत नाही," त्या म्हणाल्या. "मुंगी चावते, पण तीही मेलेली आहे."

त्यांचा जीव एका आफ्रिकन मुंगीत अडकला होता. खसखशीच्या दाण्याएवढी, पिवळसर, कागदाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाने चिकटवलेली. तिच्या मिशीला जवळच्या सगळ्या जातींपेक्षा एक पेर कमी होतं. म्हणजे जात नवी असावी. पण दुसरी मिशी डिंकाखाली गेली होती, आणि तशी दुसरी मुंगी कुठल्याच संग्रहात मिळत नव्हती.

डिंक पाण्याने सोडवूया का, असं मी विचारलं.

"आणि तुटली तर? एका मिशीवरून नव्या जातीला नाव देत नाहीत रे. जन्मतःच व्यंग असेल तिच्यात. दुसरी मुंगी हवी."

त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग वाढत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. नव्या जातीचं छापलेलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच बाईंचं मागणं होतं. पेरं मोजायला त्या मला बसवू लागल्या. "नीट मोज. आता तुझेच डोळे," एकदा म्हणाल्या, आणि मान वळवायला विसरल्या.

पुढे त्यांच्याच शिफारशीवर मला आफ्रिकेतल्या कीटकांच्या एका पाहणीत काम मिळालं. ती मुंगी जिथे सापडली होती, त्या जंगलाचं नाव त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. तिथून मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

"बाई, सादर नमस्कार.

जागा सापडली. जंगल नाही. चहाचा मळा आहे, टेकडीपलीकडेही तोच. झुडपांखालची माती चाळून पाहिली. इतर मुंग्या मिळाल्या, आपली नाही. मळ्यातले म्हातारे मजूर म्हणतात, झाडं त्यांच्या तरुणपणीच तोडली.

तुमच्याकडे आहे तेवढीच उरली असावी. आता डिंकाला पाणी लावू नका. नाव द्यायचं राहू दे.

अक्षर मोठं काढलं आहे. वाचता आलं का, कळवा."