जहाजांच्या पुस्तकातली बारीक अक्षरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवासमोर उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी मागत असे — हे तेवढं मनातल्या मनातही उच्चारत नसे. आता लिहितो आहे, तेही थांबत थांबत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

रतन मिस्तरीला जाऊन तेरा दिवस झाले. काल त्याच्या घरी तेराव्याची पंगत होती. मला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं. "मास्तरले पहिलं वाढा, भाऊना जीवना दोस्त व्हता तो," असं त्याचा धाकटा भाऊ वाढप्याला ओरडून म्हणाला. घास घशाखाली उतरत नव्हता असं लिहायला बरं वाटेल. पण मी नीट जेवलो. दोनदा वरण मागून घेतलं.

मी लोणखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. घरातला पहिला मॅट्रिक. नंदुरबारच्या शाळेत मास्तर झालो आणि शाळेची पुस्तकांची कपाटं माझ्या ताब्यात आली. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, पण मास्तर झाल्यापासून मी बाहेर फक्त शाळेतली मराठी बोलायला लागलो — रतनशीसुद्धा. तो आपल्या बोलीत बोले, मी पुस्तकी बोलीत उत्तर देई. हे त्याला कधी खटकलं का? खटकलं असेल. त्याने तसं दाखवलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. रेल्वेतले एक गोरे साहेब बदली होऊन जाताना आपली पुस्तकं शाळेला देऊन गेले. त्यात निळ्या कापडाच्या बांधणीचे तीन जाड भाग होते. जुन्या लढाऊ जहाजांचे. साहेबांना लाकडाची लहान जहाजं करायचा नाद होता, आणि असा नाद असणाऱ्यांसाठीच ही पुस्तकं लिहिलेली. पहिल्या भागात जहाजाचं अंग, दुसऱ्यात डोलकाठ्या, शिडं आणि दोर, तिसऱ्यात तोफा, नांगर, कंदील, नक्षी. पानं उलगडली की हातभर लांब होत. कुठला दोर किती जाड, कुठल्या कप्पीतून जातो, तोफेच्या गाड्याला खिळे किती — सगळं काढलेलं, मोजलेलं, आकडा घातलेलं. मी समुद्र पाहिलेला नव्हता, अजूनही नाही. पण त्या पानांसमोर मी रविवार रविवार बसून राही. इतक्या प्रेमाने कुणी एखादी वस्तू समजावून सांगितलेली मी पाहिली नव्हती.

आणि मला त्यातलं निम्मं समजत नव्हतं. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. माझं इंग्रजी शाळेपुरतं. जहाजाचे शब्द शाळेच्या कोशातही नव्हते. मुख्याध्यापक विचारत, "काय मास्तर, झेपतंय का?" मी म्हणे, "सोपं आहे सर."

शाळेत सुतारकामाचा वर्ग निघणार होता. शिक्षक हवा होता. शाळेच्या मंडळाने ठरवलं की धुळ्याच्या हस्तकौशल्याच्या प्रदर्शनात ज्याचं काम पसंत होईल, त्याला घ्यायचं. मी रतनचं नाव सुचवलं. हो, मीच. तो आणि मी तिसरीपर्यंत एकाच वर्गात शिकलो होतो. मग तो बापाच्या हाताखाली गेला. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. बैलगाड्या, खुर्च्या, पाळणे करी, आणि दर उन्हाळ्यात प्रकाशा गावी तापीवरच्या नावा दुरुस्त करायला जाई. त्याला ही जागा हवी होती. किती हवी होती ते त्याने बोलून दाखवलं नाही, पण त्याची बायको दारातून म्हणाली, "जलमभर लोकेसन्या खुर्च्या बनायात, आते सोता बसाले चालना!" आणि हा चाळिशीचा माणूस लाजला. मान खाली घालून रंधा मारत राहिला.

जहाज करायचं माझ्या डोक्यातून आलं. चौऱ्याहत्तर तोफांचं, तीन डोलकाठ्यांचं. प्रदर्शनात बैलगाड्या शंभर येतील, जहाज एकच. रतन पुस्तक बघून हरखला. चित्र त्याला कळे, इंग्रजी अक्षर कळत नसे. अक्षराचा भाग माझा.

पहिल्या भागात एक आकृती होती. जहाज समोरून पाहावं तशी. मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे एकात एक बसवलेल्या कमानी, उजवीकडेही तशाच. जहाजाच्या बरगड्यांचे आकार ते. पण दोन्हीकडच्या कमानी जुळत नव्हत्या. डावीकडच्या तळाशी आत ओढलेल्या, उजवीकडच्या पोट सुटल्यासारख्या गरगरीत. रतनने रेघेच्या अलीकडे पलीकडे बोट फिरवलं.

"मास्तर, दोन्ही बगल सारख्या नही शेतस. असं कसं?"

मला ठाऊक नव्हतं. "ठाऊक नाही" एवढंच म्हणायचं होतं — किती सोपं होतं! माझ्या मागे दोन मास्तर उभे होते, जहाजाचं पुस्तक बघायला आलेले. मी म्हणालो, "लढाईचं जहाज आहे हे. एक अंग शत्रूकडे असतं. तोफांचा भार त्या अंगाला जास्त. म्हणून ते अंग भरीव."

कुठून सुचलं मला हे? पण किती सुरेख बसलं! दोघे मास्तर माना डोलावत होते. रतन मात्र हसला.

"मंग ते जहाज एकच गालमा हसी ऱ्हायनं म्हना. नदीवर अशी नाव सोडी ना, तर लोके मले नावसंगे बुडाडतीन."

मास्तर हसले. त्याच्या बोलण्याला हसले, पण मला वाटलं ते मला हसले. मी म्हणालो, "हे पुस्तक विलायतेतल्या जाणकाराने लिहिलंय मिस्तरी. प्रकाशाच्या नावाड्याने नाही."

त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "हां, ते बी खरं." आणि त्याने शिवणीच्या लाकडाच्या बरगड्या कापायला घेतल्या. डावीकडच्या कमानीला उजवीकडची कमान जोडून. मी दाखवलं तसं.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची आणि बढाईची. तेवढीच असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. तेवढी तर बहुतेक मास्तरांची असते.

प्रदर्शनाला बावीस दिवस राहिले होते. रविवार होता, दुपार. मी निशाणांचे रंग शोधत पहिल्या भागाच्या शेवटच्या पानांशी आलो. तिथे चित्रांवरच्या टिपा होत्या, बारीक अक्षरात. मी त्या कधी वाचल्या नव्हत्या. त्या आकृतीची टीप चार ओळींची. कोशात दोन साधे शब्द पाहिले आणि उरलेलं आपोआप उलगडलं. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून प्रत्येक बरगडी अर्धीच काढली आहे. रेघेच्या एका बाजूला जहाजाच्या पुढच्या भागातल्या अर्ध्या बरगड्या, दुसऱ्या बाजूला मागच्या भागातल्या. करणाऱ्याने प्रत्येक अर्धी दुसऱ्या अंगाला तशीच पुरी करून घ्यावी.

म्हणजे रतन बरोबर होता. ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तो. त्याचं जहाज पुढेही आणि मागेही एका अंगाला पोकळ, दुसऱ्या अंगाला फुगलेलं होत होतं. बरगड्या उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्या बसल्या होत्या, बस. बावीस दिवसांत त्याने दोन बैलगाड्या उभ्या केल्या असत्या. बरगड्या बदलणं त्याला काय जड होतं?

मी पुस्तक मिटलं. कपाटात ठेवलं. कुलूप लावलं.

झालं. एवढंच केलं मी. सांगायला गेलं तर काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानात गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी जहाज किती वाकडं दिसतं ते पाहायला गेलो होतो. मधला भाग सुबक होता, पाहणाऱ्याची नजर तिथेच ठरे. टोकांचा फरक समुद्र न पाहिलेल्या लोकांना कळणार नाही असं मला वाटलं. मला हायसं वाटलं.

मग दहा-बारा दिवसांनी फळ्या पुऱ्या बसल्या, व्हार्निश चढलं, आणि रतन म्हणाला, "मास्तर, एकदाव पानीमा सोडी दखूत का? मन्हा मनले काही पटी नही ऱ्हायनं."

एकदा पाण्यात सोडून बघू म्हणत होता. बघितलं असतं तर जहाज तिथेच, त्याच्या दुकानातल्या हौदात कललं असतं, कुणी परकं बघायला नसताना. मी म्हणालो, "पाण्याने व्हार्निश जाईल. प्रदर्शनाची वस्तू आहे, नाव नाही." कळल्यावर म्हणालो हे. लक्षात घ्या. कळल्यावर.

धुळ्याला जहाज फार देखणं दिसलं. मेण लावलेल्या दोऱ्या, मुगाएवढ्या कप्प्या, सागाच्या चोपून बसवलेल्या फळ्या. लोक वाकून तोफा मोजत होते. परीक्षक मुंबईच्या गोदीत नोकरी केलेले म्हातारे गृहस्थ होते. ते जहाजाच्या पुढे गेले, एक डोळा मिटून उभे राहिले. मग मागे गेले. मग म्हणाले, "हे पाण्यात सोडा पाहू."

टब आणला. रतनने स्वतःच्या हातांनी जहाज पाण्यावर ठेवलं आणि हात काढले. ते हळूच डाव्या कुशीवर आडवं झालं. तीन डोलकाठ्या पाण्याला टेकल्या. गर्दी खो खो हसली. एक जण ओरडला, "आरे, जहाजले झोप लागनी!"

"नकाशा कोणी वाचला?" परीक्षकांनी विचारलं.

रतनने माझ्याकडे पाहिलं. विश्वासाने पाहिलं, हो, विश्वासानेच. म्हणाला, "मास्तरनी दखाडं तसंच मी कयं."

परीक्षक माझ्याकडे वळले. शेजारी मुख्याध्यापक होते. मी म्हणालो — हे वाक्य मला अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे — "मी फक्त पुस्तक दिलं होतं. ही माणसं हाताच्या सवयीवर जातात, नकाशाचं ऐकत नाहीत."

"ज्याला नकाशा वाचता येत नाही, त्याच्या हाती मुलं कशी द्यायची?" परीक्षक म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं.

रतनने टबातून जहाज उचललं. ओलं जहाज धोतराच्या सोग्याने पुसलं, पोत्यात गुंडाळलं. परतीच्या प्रवासात तो दुसऱ्या डब्यात बसला. शाळेतली जागा बाहेरगावच्या एका माणसाला मिळाली. आणि प्रकाशाला नावाडी त्याला हाक मारून म्हणू लागले, "मिस्तरी, नाव सरळ ठेवजो हां!" दोन उन्हाळे ऐकून घेऊन त्याने तिकडे जाणं सोडलं. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

सुतारकामाचा वर्ग सुरू झाला, आणि नकाशा वाचायला शिकवण्याचा आठवड्यातला एक तास कुणाला दिला? मला. मी त्याच पुस्तकातून शिकवत असे. तीच आकृती फळ्यावर काढून मुलांना सांगत असे — ही अर्धी पुढची, ही अर्धी मागची, दोन्ही बाजू सारख्या. फार छान समजावत असे. मुलं कधीच चुकली नाहीत.

एकदा असंच समजावत होतो आणि खिडकीत रतन उभा दिसला. शाळेची बाकं दुरुस्त करायला आला होता. हातात पटाशी. त्याने सगळं ऐकलं होतं. तास संपल्यावर तो आत आला. फळ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, हाई तुम्हले कव्हय समजनं?"

केव्हा समजलं. एवढंच विचारलं त्याने. शिवी दिली नाही, कॉलर धरली नाही.

मी म्हणालो, "गेल्या साली. टीप सापडली."

त्याने पटाशी बाकावर ठेवली. मग त्याचा चेहरा सैल झाला. मी पाहिला तो सैल होताना. म्हणाला, "मंग तव्हय तुम्हलेबी माहीत नव्हतं. तठे साहेबना समोर तुम्ही घाबरी गयात, बस. मानूस घाबरस, मास्तर. मी उगाच मनमा धरी बठनू."

त्या संध्याकाळी तो माझ्या घरी जेवला. त्यानंतर जाईपर्यंत दर रविवारी येत राहिला. माझ्या मुलीच्या लग्नातला पाट त्याने केला, माझ्या आईच्या तिरडीला त्याने खांदा दिला. मला तो भित्रा समजत होता आणि भित्र्याला त्याने क्षमा केली होती. ती क्षमा मी रोज वापरली.

गेल्या महिन्यात रतनच्या घरून निरोप आला म्हणून गेलो. त्याच्या छातीत कफ भरला होता, पण शुद्ध पूर्ण होती. भर दुपार. घरातली माणसं जेवायला आत गेली होती. त्याने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाला, "बोला ना मास्तर, काही तरी सांगा."

मी त्याला मिरचीचं पीक यंदा कसं आहे ते सांगितलं. पाऊण तास तेच सांगत होतो. मग घरातली माणसं बाहेर आली.